नाताळच्या जेवणाचा एवढा घाट घालायचा का? (मदत हवी आहे)

कॅम्पातली

नमस्कार मंडळी. हा धागा पाककृतीत टाकावा की कौटुंबिकमध्ये ते कळेना, म्हणून इथेच काढतेय.

आमचं घर बेळगावात कॅम्पच्या बाजूला, मूळ गाव खानापूर तालुक्यातलं. बोलणं अर्धं कोकणी, अर्धं मराठी. नाताळला पुण्याहून दीर-जाऊ, मडगावहून नणंद सहकुटुंब आणि गावाकडचे मामेसासरे, म्हणजे पोरंटोरं धरून अठरा-वीस पानं. आजवर सगळं सासूबाईंनी ओढलं. सोरपोतेल (पोर्क-काळजाचं आंबट-तिखट कालवण), विंदालू, चिकन शागुती, पुलाव, सान्ना (तांदळाच्या फुगवलेल्या इडल्या), अख्खी कोंबडी रोस्ट, बटाट्याचं सॅलड, बेबिंका (थराथरांचा गोड पदार्थ). त्याआधीच्या आठवड्यात नेवऱ्या (करंज्या), कलकल (काट्यावर वळून तळलेला गोड खाऊ), दोदोल आणि केक वेगळेच. यंदा त्यांचे गुडघे साफ गेलेत. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायचं नाही म्हणून बजावलंय. त्यावर त्यांनी तोडगा काढलाय, "मी स्टुलावर बसून सांगते, तू कर." ऐकायला किती सोपं!

मी बँकेत नोकरीला. २४ डिसेंबर गुरुवार, म्हणजे कामाचा दिवस. २५ ला शुक्रवार, पाठोपाठ चौथा शनिवार आणि रविवार. सलग तीन दिवस सुट्टी म्हणून ऑफिसातल्या बायका माझा हेवा करतात. तीच सुट्टी पाहुण्यांनापण आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी मंडळी एका जेवणाला येऊन दुसऱ्या दिवशी सकाळी निघायची, यंदा रविवार दुपारपर्यंत मुक्काम.

मला स्वयंपाकाचा कंटाळा नाही. पण गेल्या वर्षी मी जरा लक्ष देऊन बघितलं की टेबलावरचं नेमकं जातं काय. सोरपोतेलचं पातेलं पोरांनी सान्नाच्या तुकड्यानं पुसून घेतलं. शागुती बरी गेली. रोस्टसमोर सगळ्यांनी फोटो काढले, दोन्ही तंगड्या पोरांनी पळवल्या आणि छातीचा कोरडा भाग दुसऱ्या दिवशी सँडविचमध्ये गेला. सॅलडला कुणी हात लावला नाही. विंदालू अर्धं उरलं, कारण सोरपोतेल असताना अजून एक आंबट-तिखट पोर्क कोण खाणार? आणि त्या कोंबडीसाठी ओव्हन सकाळभर अडलेला.

नवरा म्हणतो बाहेरून मागवू. (म्हणजे फोन मीच करायचा.) सासूबाई म्हणतात, बाहेरचंच आणायचं तर नाताळ कशाला करायचा? मला दोघांचंही पूर्ण पटत नाही.

तर जाणकारांनो, एवढा घाट घालण्यात खरंच अर्थ आहे का? असेल तर काय हातानं करावं आणि काय सोडावं? २४ च्या आधी काय काय उरकून ठेवता येईल? बेबिंका घरीच केली पाहिजे का? बेळगावात ताजी सूर (माडाची ताडी) मिळवणं माझ्या आवाक्यातलं नाही, तर सान्ना कशा फुगवायच्या? शेजारी जैन आणि लिंगायत घरं आहेत, दिवाळीला त्यांचा फराळ येतो, त्यांना ताट काय द्यावं? आणि मामेसासऱ्यांनी आत्तापासून शंका काढलीय की नाताळ शुक्रवारी आला तर मटण चालतं का. यावर कुणीतरी त्यांचं समाधान करा, नाहीतर ऐन जेवणात वाद होतोय बघा.

---

लोंढा_जंक्शन

सोरपोतेल अजिबात सोडू नका. ते नाताळच्या दिवशी करायचं जेवणच नाही की हो! सोमवारी नाहीतर मंगळवारी करून ठेवायचं, शुक्रवारी गरम करायचं. पहिल्या दिवशी नुसतं आंबट लागतं, तिसऱ्या दिवशी मसाला मुरतो.

वीस माणसांना तीन किलो पोर्क आणि अर्धा किलो काळीज-हृदय भरपूर झालं, दुसऱ्या दिवसालाही उरेल. मांस मोठ्या तुकड्यांतच मिठाच्या पाण्यात उकडा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना चरबी सुरीखाली सरकते, गार झालं की हरभऱ्याएवढे चौकोनी तुकडे सुबक पडतात. हे कापणं हेच खरं काम. पुण्याचे दीर लवकर येत असतील तर त्यांना सुरी आणि फळी देऊन बसवा. मग तुकडे त्यांच्याच चरबीत परतायचे, काळीज वेगळं परतायचं. मसाल्याला ब्याडगी घ्या, रंग येतो आणि जाळ होत नाही. तिखटपणासाठी चार लवंगी मिरच्या पुरे. जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, लसूण, आलं, सगळं व्हिनेगरमध्येच वाटायचं, पाण्याचा थेंब नको. नणंदेला मडगावहून माडाचं व्हिनेगर आणायला सांगा. बाटलीतल्या पांढऱ्या सिंथेटिक व्हिनेगरनं चव नुसती बोचरी होते.

फ्रीजमध्ये ठेवा. जुनी माणसं बाहेर ठेवून रोज उकळी द्यायची, पण तेव्हा पातेल्यात दिवसातून दहा वेळा डाव जात नव्हता. खाण्यापुरतं काढून तेवढंच गरम करा.

---

निपाणीकर

माझं स्पष्ट मत, घाट घालू नका. हॉटेलात टेबल बुक करा, सगळे आनंदात. सण माणसांसाठी असतो, स्वयंपाकघरासाठी नाही.

---

लोंढा_जंक्शन

@निपाणीकर, वीस जणांना २५ डिसेंबरला टेबल मिळवून दाखवा, बिल मी देतो.

---

भाग्यनगर_दुसरा_क्रॉस

मी ताट घेणाऱ्यांच्या बाजूनं लिहिते. आम्ही शाकाहारी, आमच्या शेजारी ख्रिश्चन कुटुंब आहे आणि वर्षानुवर्षं त्यांच्याकडून नाताळचं ताट येतं. खरं सांगायचं तर त्यातला केक आम्ही कामवाल्या मावशींना देतो, कारण त्यात अंडं असतं. नेवऱ्या आणि दोदोल मात्र घरात भांडून संपतात.

तेव्हा ताई, शेजाऱ्यांसाठी वेगळं काही करायला नको. दोदोलमध्ये तांदळाचं पीठ, गूळ, नारळाचं दूध आणि काजू, अंड्याचा संबंधच नाही. नेवऱ्यांचंही तसंच. कलकलच्या पिठात बरेच जण अंडं घालतात, तेवढं टाळून नारळाच्या दुधात पीठ मळा. तळणीचं तेल मात्र ताजं आणि कढई वेगळी हवी, आणि देताना "अंडं नाही, कढई वेगळी" एवढं सांगून टाका. जैन शेजाऱ्यांना विचारायचा संकोच वाटतो, सांगितलं की बिनघोर खातात.

आणि एक. दिवाळीला आम्हीसुद्धा चकली, कडबोळी बाहेर ऑर्डर देतो. लाडू तेवढे घरी. दिवाळी व्हायची काही थांबली नाही. सासूबाईंना हे सांगून बघा, पण माझं नाव सांगू नका.

---

जुना_कॉयरवाला

मामेसासऱ्यांच्या शंकेपुरतं लिहितो. शुक्रवारी मांस वर्ज्य, पण त्या शुक्रवारी महासण आला तर तो नियम लागू होत नाही. चर्चच्या कायद्याच्या १२५१ व्या कलमात हे स्पष्ट आहे, आणि नाताळ हा महासण. तेव्हा २५ ला सोरपोतेल बिनधास्त वाढा.

त्यांच्या मनात बहुतेक जुन्या दिवसांची सरमिसळ झाली असेल. १९६६ पर्यंत नाताळच्या आदल्या दिवशी, म्हणजे २४ ला, उपास असायचा आणि मांस बंद. दिवसभर पोटात फारसं काही नाही, रात्री थंडीत मध्यरात्रीची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना), आणि घरी आल्यावर जेवण! तेव्हा एवढ्या पदार्थांचा फडशा पडायचा. आता २४ ला दुपारी बिर्याणी, संध्याकाळी चहाबरोबर केक, मग २५ ला भूक कुठली लागणार? पदार्थ मात्र उपाशी माणसांच्या हिशेबानंच होतात.

---

चोर्ला_घाट

बेबिंकाबद्दल. मी घरी करतो, तरी तुम्हाला सांगतो, करू नका. दहा अंड्यांचे बलक, दोन वाट्या घट्ट नारळाचं दूध, दीड वाटी साखर, एक वाटी मैदा, जायफळ. साहित्य एवढंच. पण एक थर ओतायचा, वरची आच देऊन तांबूस होऊ द्यायचा, वर चमचाभर तूप, मग पुढचा थर. सात थर म्हणजे दोन-अडीच तास ओव्हनसमोरून हलता येत नाही, एक थर करपला की खालचे सगळे वाया. पूर्वी मातीच्या भांड्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे ठेवून करायचे. तेव्हा घरात चार बायका आळीपाळीनं बसायच्या. तुम्ही एकट्या. शिवाय उरलेल्या दहा पांढऱ्यांचं काय करायचं हा प्रश्न वेगळाच. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालंय, तेव्हा मडगावची नणंद डबा घेऊन आली तर त्यात कमीपणा कसला? आठवडाभर टिकते ती.

सान्ना मात्र घरच्याच हव्यात. उकडा तांदूळ रात्रभर भिजवून ओल्या खोबऱ्याबरोबर वाटा. सुरेऐवजी कोमट शहाळ्याच्या पाण्यात चमचाभर साखर आणि छोटा चमचा ड्राय यीस्ट फेसाळू द्या आणि वाटणात मिसळा. डिसेंबरात बेळगावच्या थंडीत पीठ ओट्यावर तसंच बसून राहतं. ओव्हन न पेटवता आतला फक्त दिवा लावा आणि भांडं आत ठेवा. तासा-दीड तासात वर येतंय. मीठ शेवटी घाला आणि इडलीसारखं वाफवा.

पुलाव उरला तर रात्रभर बाहेर ठेवू नका, पसरट ताटात गार करून लगेच फ्रीजमध्ये. वीस माणसं तीन दिवस घरात असताना कुणाचं पोट बिघडलं तर बाथरूमबाहेर रांग लागेल.

---

निपाणीकर

@लोंढा_जंक्शन, दोन ठिकाणी फोन केला. तुमचं बिल वाचलं.

---

कॅम्पातली

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दुपारी सासूबाईंसमोर बसून यादी काढली.

विंदालू आणि सॅलड गेलं. बेबिंका नणंदेकडे, व्हिनेगरसकट. ती फोनवर एवढी पटकन हो म्हणाली की आजवर तिला कुणी विचारलंच नव्हतं असं दिसतंय. शागुतीचा मसाला जाऊ पुण्याहून भाजून, वाटून आणणार. सोरपोतेल माझ्याकडे. मंगळवारी संध्याकाळी उकडणार, बुधवारी कापून शिजवणार. दीर बुधवारी दुपारी पोचतायत, सुरी त्यांची वाट बघतेय. दोदोल मी करणार नाही, ते ढवळणं माझ्या खांद्यांना झेपत नाही. नेवऱ्या-कलकल आदल्या रविवारी, आणि ते काम बसून करण्यासारखं असल्यामुळे सासूबाईंच्या ताब्यात. काट्यावर कलकल वळायला पोरं मदतीला.

कॉयरवाल्यांचा प्रतिसाद मामेसासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. कलम नंबर ऐकून गप्प झाले. मग म्हणाले, तरी पण विगारांना (चर्चच्या फादरना) विचारून घेतो.

अडलं फक्त रोस्टवर. मला वाटलं होतं सासूबाई सोरपोतेलवरून अडून बसतील. तर त्या म्हणाल्या, "विंदालू नको, बरं. पण कोंबडी नसेल तर टेबलाच्या मधे ठेवणार काय?" म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं की ती फोटोपुरतीच आहे! शेवटी अख्ख्या कोंबडीऐवजी तंगड्या रोस्ट करून मोठ्या थाळीत रचायच्या, यावर तडजोड झाली. ओव्हन तासाभरात मोकळा होईल आणि पोरांची भांडणंही मिटतील.

आता चोर्ला_घाट यांना एकच विचारायचंय. वीस माणसांना सान्नासाठी तांदूळ किती भिजवू? आमच्याकडे मामेसासरेच एका बैठकीत आठ-दहा खातात, तेवढं धरून सांगा.