'सॅकेड'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : इंदूरच्या माझ्या मावशी वर्षभर 'ताटातले दिसत नाही' अशी तक्रार करीत होत्या. दोनदा चष्मा बदलला, तरी जिना उतरताना त्यांचा तोल जाईच. अखेर मेंदूविकारतज्ज्ञांनी 'सॅकेड मंद, खालची नजर मर्यादित' असे लिहून दिले (सॅकेड म्हणजे एका ठिकाणाहून दुसरीकडे पाहताना बुबुळांची होणारी झटपट हालचाल). 'नजर मर्यादित' वाचून घरच्यांना पुन्हा मोतीबिंदूच आठवला. यासाठी नेमके मराठी शब्द कोणते?

उत्तर : गोंधळ 'नजर' या शब्दातच आहे. 'नजर अधू झाली' म्हणताना आपल्याला दिसण्याची शक्ती अभिप्रेत असते, तर 'नजर वळवली', 'नजर खिळली' यांत बुबुळांची हालचाल असते. (आम्हा इंदूरकरांच्या बोलण्यात हिंदीतली 'नजर कमजोर'ही मिसळते, म्हणून पहिला अर्थ अधिकच बळावतो.) पहिल्या अर्थासाठी 'दृष्टी' आणि दुसऱ्यासाठी 'नेत्रगती' असे वेगळे शब्द वापरल्यास मावशींची दृष्टी शाबूत असून नेत्रगती बिघडली आहे, हे एका वाक्यात सांगता येईल. स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या डॉक्टरांनी 1964 मध्ये वर्णिलेल्या 'प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी' या मेंदूविकारात नेमके हेच घडते : रुग्णाला स्वतःहून खाली पाहता येत नाही, पण डॉक्टरांनी त्याची मान हाताने मागे झुकवली की तीच बुबुळे खाली सरकतात, म्हणजे स्नायू धड असतात, मेंदूच्या वरच्या पातळीवरून येणारी आज्ञा पोहोचत नाही.

'सॅकेड' हा मूळ फ्रेंच शब्द असून लगामाला दिलेला हिसका असा त्याचा अर्थ आहे. तरीही 'हिसका' मला पटत नाही, कारण त्यातून विकार सूचित होतो आणि सॅकेड तर निरोगी डोळ्याची, ओळ वाचतानाही सतत होणारी क्रिया आहे. मी 'नेत्रझेप' सुचवेन. मोठ्या झेपेचा वेग सेकंदाला 500 अंशांपुढे जातो, त्यामुळे 'मंद झेप' हा शब्दप्रयोग कानाला खटकतो, आणि लक्षणही तसेच खटकणारे आहे. मुंबईच्या डॉ. नोशिर वाडिया यांनी डॉ. स्वामी यांच्यासह 1971 मध्ये नऊ कुटुंबांतील आनुवंशिक तोलविकाराचे वर्णन केले, त्याची खूण हीच मंद झेप होती.

पुरवणी प्रश्न : मग 'निस्टॅग्मस'ला, म्हणजे बुबुळांच्या आपोआप पुनःपुन्हा हलण्याला, 'डोळा लवणे' चालेल का?

उत्तर : नाही. लवते ती पापणी, आणि त्याला आपल्याकडे शकुन-अपशकुन चिकटलेले आहेत. निस्टॅग्मसमध्ये बुबुळच हलते. 'नेत्रदोल' म्हटल्यास झोक्यासारखी दोन्ही बाजूंना सारखी गती डोळ्यांसमोर येते आणि काही रुग्णांत ती तशी असतेही. पण पुष्कळदा बुबुळ एका बाजूला हळूहळू सरकते आणि झटक्यासरशी परतते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पेंगणे असा आहे. बसल्या जागी पेंगणाऱ्या माणसाची मान हळूहळू कलते आणि एकदम सावरते, तशीच ही गती. म्हणून 'नेत्रडुलकी' हा शब्द ऐकायला थोडा विनोदी वाटला, तरी मला तोच अधिक नेमका वाटतो.