मूग की मोग?

तुंतुणं: रविवारी घरी बाबांबरोबर लागोपाठ दोन माहितीपट पाहिले. एक २००४चा, सिंथेसायझरवाल्या रॉबर्ट मूगवरचा, दुसरा थेरेमिन या हात न लावता वाजणाऱ्या विजेवरच्या वाद्यावरचा. मध्येच मी "मूगचा सिंथेसायझर" म्हणाले, तर बाबा म्हणतात, "मुगाचा म्हण. शुद्धलेखन विसरलीस?" नाव देवनागरीत कसं लिहायचं? आणि ऑसिलेटरला, म्हणजे सिंथेसायझरमध्ये विजेचे हेलकावे निर्माण करणाऱ्या भागाला, मराठीत काय म्हणतात?

खुंटीपिळ्या: डाळ मुगाची, माणूस मूगचा. विशेषनामाचं सामान्यरूप हल्ली करत नाहीत. 'सुनीलचा' म्हणतो, 'सुनिलाचा' नाही. बाबांना सांगा, आणि ते मूग गिळून बसले तर कळवा! पण मुळात नावच 'मूग' नाही. त्याचं यमक 'व्होग'शी जुळतं, म्हणजे 'मोग'. ते स्वतः असंच म्हणत. इंग्रजीत दोन 'ओ' दिसले की आपण डोळे मिटून 'ऊ' लिहितो, त्यातली ही गफलत.

मांडवीकाठी: मोगच लिहा. कोकणीत मोग म्हणजे प्रेम. 'हांव तुजो मोग करतां' म्हणणाऱ्याच्या घरी सिंथेसायझर असेल तर त्याचं निम्मं काम झालं.

पडवीतला: थेरेमिनचंही तेच दुखणं. रशियनमध्ये 'थ' नाहीच. माणूस लेव तेर्मेन (१८९६–१९९३). फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमुळे तो इंग्रजीत थेरेमिन झाला आणि वाद्यालाही तेच नाव चिकटलं. मी माणसाला तेर्मेन आणि वाद्याला थेरेमिन लिहितो. दोन्हीकडे तेर्मेन लिहिलं तर वाचणाऱ्याला कळायचं नाही. जाता जाता, मोग पोरवयात वडिलांबरोबर थेरेमिनच बनवत आणि पुढे त्याचे सुटे भाग विकत. तुमचे दोन्ही माहितीपट एकाच गोष्टीचे आहेत.

तुंतुणं: मग थेरेमिन 'वाजवतात' म्हणायचं का? हात तर कशालाच लागत नाही.

पडवीतला: खुशाल म्हणा. उभ्या सळीपासून हात जवळ-लांब नेला की स्वर चढतो-उतरतो, दुसऱ्या हाताने आडव्या कडीपाशी आवाज कमी-जास्त. क्लारा रॉकमोर मूळच्या व्हायोलिनवादक, त्यांचं थेरेमिनवादन ऐकल्यावर दुसरं क्रियापद सुचत नाही.

खुंटीपिळ्या: ऑसिलेटर राहिला. शास्त्रीय परिभाषेत 'आंदोलक'. पण आज 'मोगच्या यंत्रात तीन आंदोलक होते' असं लिहिलं तर लोक पोलीस बंदोबस्त शोधतील. म्हणून मी ऑसिलेटरच लिहितो. वाईट याचं वाटतं, की गाण्यात हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. दरबारी कानड्यातला कोमल गंधार आंदोलित असतो.

तुंतुणं: पण ते आंदोलन किती संथ! ऑसिलेटर सेकंदाला शेकडो वेळा हलतो.

खुंटीपिळ्या: बरोबर पकडलंत. शेकड्यांनी हलला की आपल्याला स्वर ऐकू येतो, हलणं नाही. पण सिंथेसायझरमध्ये एक मंद ऑसिलेटरही असतो. त्याची गती साधारण वीस हर्ट्‌झच्या (सेकंदाला वीस हेलकाव्यांच्या) खाली, म्हणजे कानाला स्वर म्हणून न कळणारी. तो दुसऱ्या ऑसिलेटरच्या स्वराला झुलवतो. दरबारीतलं आंदोलन ते हेच, फक्त गळ्याऐवजी विजेच्या तारांतून. त्या मंद ऑसिलेटरला 'आंदोलक' म्हणायला माझी हरकत नाही.

तुंतुणं: बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मग मोगाचा म्हण."