पावसाळ्यात गाडी मधूनच सुरू होत नाही : दोष बॅटरीचा, अल्टरनेटरचा की अर्थिंगचा?

दापोलीचा_प्रवासी

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी, बरीच जुनी हॅचबॅक आहे आणि ती समुद्रापासून फार लांब नसलेल्या घराच्या अंगणात उघड्यावरच उभी असते. पाऊस सुरू झाल्यापासून कधी किल्ली फिरवताच सेल्फ व्यवस्थित लागतो, तर कधी नुसती टिक-टिक-टिक ऐकू येते आणि इंजिन फिरतच नाही. थोडे थांबून पुन्हा प्रयत्न केला की बहुतेक वेळा गाडी सुरू होते. लांबून आल्यावर, म्हणजे इंजिन तापलेले असताना, हा त्रास जास्त जाणवतो. विशेष म्हणजे टिक-टिक होत असताना डॅशबोर्डवरचे दिवे फारसे मंदावत नाहीत.

गॅरेजच्या सल्ल्याने बॅटरी नवीन बसवली, तरी फरक पडला नाही. आता अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलावा असे सांगितले जात आहे, कारण गाडी चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट दिसतात, पण हेडलाइट आणि ब्लोअर लावले की ते १३.६ पर्यंत उतरतात. मी स्वतः मल्टिमीटरने बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंतचा रोध मोजला, तर तो जवळजवळ शून्य आला. म्हणजे अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हकडे प्रवाह परत नेणारी जोडणी) ठीक आहे असे समजावे का? आणखी एक गोष्ट या दोषाशी संबंधित आहे की नाही ते कळत नाही : सगळे दिवे बंद असताना ब्रेक दाबला की डॅशबोर्डचा प्रकाश अंधुकसा उजळतो आणि इंधनाचा काटाही हलतो. आईला नियमितपणे खेडला दवाखान्यात न्यावे लागते, त्यामुळे गाडीवर भरवसा ठेवता येणे माझ्यासाठी फार गरजेचे आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

वायरमन_मिरज

नमस्कार दादा. अल्टरनेटरवर पैसे खर्च करण्याआधी कृपया थोडे थांबा. आपण दिलेल्या माहितीतच दोषाची दिशा दिसते आहे.

बॅटरी दमली असती, तर सेल्फने ओढ घेताच तिचा व्होल्टेज कोसळला असता आणि डॅशबोर्डही मंदावला असता. आपल्याकडे डॅशबोर्ड उजळ राहतो, याचा अर्थ बॅटरीत ताकद आहे, पण ती सेल्फच्या मोटरपर्यंत पोहोचून परत येत नाही. टिक-टिक होते ती अशी : सोलेनॉइडला (सेल्फचा मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचला) थोडाच प्रवाह लागतो म्हणून तो आत ओढला जातो, त्यामुळे मोटरचा मोठा प्रवाह सुरू होतो, वाटेतल्या खराब सांध्यावर व्होल्टेज खर्ची पडतो, सोलेनॉइडला तो पुरत नाही म्हणून तो सुटतो आणि लगेच पुन्हा ओढला जातो.

रोधाच्या मोजणीवर मात्र विसंबू नका. मल्टिमीटर रोध मोजताना अगदी नगण्य प्रवाह सोडतो. जाड केबलचे बहुतेक सगळे तार तुटून दोन-चारच उरले असले, तरी तेवढ्या प्रवाहाला ते पुरतात आणि मीटर शून्यच दाखवतो. सेल्फ मात्र छोट्या गाडीतही १०० अँपिअरच्या वर प्रवाह घेतो. सांध्यात ०.०१ ओहम एवढाच रोध असेल, तर १३० अँपिअरला तिथे १.३ व्होल्ट गळतात, आणि ०.०१ ओहम हा आकडा साध्या मीटरवर आपल्याला दिसणारच नाही. म्हणून अर्थिंगची परीक्षा नेहमी भार चालू असतानाच, व्होल्टेज मोजून घ्यावी.

कृती अशी. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन पेट घेणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीच्या शिशावर धरा. टर्मिनलच्या क्लॅम्पवर नको, कारण खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधला सांधाही आपल्याला तपासायचा आहे. दुसरे टोक इंजिनच्या स्वच्छ, उघड्या धातूवर धरा आणि कुणाला तरी काही सेकंद किल्ली फिरवायला सांगा. साधारण ०.२ व्होल्टच्या आत वाचन आले तर ती वाट चांगली आहे. मग दुसरे टोक बॉडीवर धरून तसेच करा, आणि शेवटी पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजा. त्या बाजूला ०.५ व्होल्टपर्यंत चालते. दोष पॉझिटिव्ह केबलमध्ये असेल तरीही लक्षणे अशीच दिसतात, म्हणून ही शेवटची मोजणी टाळू नका.

अल्टरनेटरबद्दल सांगायचे तर त्याचीही अर्थ इंजिनमधूनच जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे बॉडीशी त्याचा विद्युत संबंध केवळ अर्थच्या केबलने असतो. ती केबल खराब असेल तर दिवे आणि ब्लोअर लावल्यावर चार्जिंगचा काही भाग त्याच सांध्यात गळतो आणि दोष नसलेल्या अल्टरनेटरवर आळ येतो. शिवाय भाराखाली १३.६ व्होल्ट हे काही अल्टरनेटर बाद ठरवण्याइतके कमी नाहीत.

कऱ्हाडचा_वाचक

वायरमन साहेबांनी सांगितलेले अगदी योग्य आहे. मी फक्त ब्रेक आणि डॅशबोर्डच्या गोष्टीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते तो स्वतंत्र दोष आहे, आणि दोन दोष एकच समजून शोधत बसले की माणूस हमखास भरकटतो.

बऱ्याच गाड्यांत मागच्या दिव्याच्या एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकचे २१ वॅटचे आणि टेललाइटचे ५ वॅटचे, आणि दोघांची अर्थ सामाईक असते. ती अर्थ तुटली की ब्रेकच्या प्रवाहाला बॉडीकडे जायला वाट उरत नाही. मग तो ५ वॅटच्या फिलामेंटमधून उलटा, टेललाइटच्या वायरमध्ये शिरतो आणि त्या वायरला जोडलेल्या इतर दिव्यांमधून, म्हणजे दुसऱ्या बाजूची टेललाइट, नंबर प्लेटचा दिवा आणि डॅशबोर्डचा प्रकाश यांच्यातून, बॉडीकडे जायची वाट शोधतो. म्हणून दिवे बंद असूनही डॅशबोर्ड उजळतो. काही गाड्यांत इंधनाच्या टाकीतल्या सेंडरची (काट्याला पातळी कळवणाऱ्या भागाची) अर्थही त्याच बोल्टवर येते. आपला काटा हलतो त्यावरून आपल्या गाडीतही तसेच असावे. हा दोष लवकर काढावा, कारण मागून येणाऱ्याला आपली ब्रेक लाइट नीट दिसत नसेल.

अंधारात भिंतीकडे पाठ करून गाडी लावा आणि ब्रेक दाबून कोणती बाजू मंद दिसते ते पाहा. त्या बाजूला मागे कधी डेंटिंग-पेंटिंग झाले होते का, हेही कृपया सांगा. रंगकाम करताना अर्थच्या बोल्टखालचा पत्रा झाकला नाही, तर रंगाचा थर तिथेही बसतो, आणि नंतर बोल्ट कितीही घट्ट आवळला तरी सांधा कच्चाच राहतो.

दापोलीचा_प्रवासी

दोघांचेही मनापासून आभार. वाचने घेतली. निगेटिव्ह खुंटी ते बॉडी ०.०५ व्होल्ट, पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फ ०.३ व्होल्ट, आणि निगेटिव्ह खुंटी ते इंजिन १.२ व्होल्ट. बॅटरीवरून एक केबल बॉडीला आणि दुसरी इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सला जाते. ही दुसरी केबल वरून उत्तम दिसते, पण गिअरबॉक्सकडच्या लगजवळ (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळ) दाबून पाहिले तर आवरणाखाली करकर असा आवाज येतो आणि काही वेळा सेल्फ मारल्यावर तो भाग हाताला चांगलाच गरम लागतो.

मागची डावी बाजू मंद आहे आणि उन्हाळ्यात त्याच बाजूचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते. डिकीतले आवरण काढल्यावर अर्थचा बोल्ट सापडला. वॉशरखाली गाडीच्याच रंगाचा गुळगुळीत थर आहे. तो खरवडून बोल्ट बसवताच डॅशबोर्ड उजळणे थांबले आणि इंधनाचा काटाही स्थिर झाला. गिअरबॉक्सची केबल स्वच्छ करून चालेल का, की बदलावीच लागेल?

वायरमन_मिरज

केबल बदला. लग वरून घासून उपयोग नाही, कारण खारी दमट हवा आवरणाच्या आत शिरून तांबे हिरवे पडत गेले आहे, आणि ते किती लांबवर गेले आहे हे आवरण चिरल्याशिवाय कळणार नाही. इंजिन माउंटिंगवर हलते तेव्हा तेच तार वाकतात, म्हणून दोष मधूनच दिसतो. आणि सांधा तापला की रोध आणखी वाढतो, म्हणून लांबून आल्यावर त्रास अधिक होतो. खात्री हवी असेल तर केबल आणण्याआधी जंप लीडचे (दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या जाड वायरचे) एक टोक निगेटिव्ह खुंटीला आणि दुसरे इंजिनच्या जाड धातूला लावून सेल्फ मारा. तो लगेच जोमाने फिरला, तर दुसऱ्या कशावरही खर्च करू नका.

मूळ केबलइतकीच किंवा अधिक जाड, तांब्याची आणि दाबून बसवलेल्या लगची केबल घ्या. काम करताना निगेटिव्ह टर्मिनल आधी काढा आणि सर्वांत शेवटी लावा. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर वापरा आणि बोल्ट आवळून झाल्यावरच वरून पेट्रोलियम जेली लावा. मागच्या बोल्टवरही जेली लावा, नाहीतर उघडा केलेला पत्रा याच पावसाळ्यात गंजेल.

इतर वाचकांसाठी एक सूचना. ज्या नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवरच बॅटरीचा सेन्सर असतो, त्यांत जादा अर्थ केबल टाकायची झाल्यास ती खुंटीला जोडू नका, बॉडीच्या बाजूला जोडा. नाहीतर सेन्सरला वगळून प्रवाह जातो आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. तसेच पिवळे आवरण असलेल्या एअरबॅगच्या वायरींना मीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नये.

केबल बसवल्यावर तीच मोजणी पुन्हा करून आकडा इथे कळवा. ०.२ च्या आत आला तर आईंना निर्धास्तपणे खेडला घेऊन जा.

दापोलीचा_प्रवासी

जंप लीड लावताच तापलेल्या इंजिनवरही सेल्फ पहिल्याच किल्लीला लागला. त्यानंतर नवीन केबल बसवली. आता निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ०.०९ व्होल्ट आहे, आणि हेडलाइट व ब्लोअर चालू असताना बॅटरीवर १४.० व्होल्ट दिसतात. अल्टरनेटर जुनाच आहे.