हाताला न टोचणारा सँडिंग ब्लॉक घरी बनवायचाय, माप आणि आकार सुचवा

फळकूट
मंडळी, एका टेबलचा टॉप आणि काही शेल्फ हातानेच घासायला घेतलेत. मशीन नाहीये आणि आवाज, धूळ बघता घ्यायचंही नाहीये. आत्तापर्यंत हाताला लागेल तो लाकडाचा तुकडा घ्यायचा, त्याला पॉलिश पेपर गुंडाळायचा आणि घासत सुटायचं असंच चाललं होतं. छोट्या कामाला ते भागतं, पण मोठा सरफेस आला की थोड्या वेळात अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागते, बोटांची टोकं सोलवटतात, आणि पेपर सारखा सरकतो म्हणून अजून आवळून धरावं लागतं, आवळलं की परत कळ. रबराचा रेडिमेड ब्लॉक पण आहे, दोन्ही टोकांना चिरा आणि आत खिळे असलेला, पण त्यात पेपर ताणून बसवायलाच जीव जातो आणि माझ्या हाताला तो जरा मोठाच पडतो.

तर घरीच बनवतो म्हटलं. माप काय घेऊ, खाली काय चिकटवू, आणि पेपर पकडून ठेवायला काही साधी युक्ती आहे का? १२ मिमी प्लायचे तुकडे आहेत, थोडं सागवान आहे, करवत, ड्रिल, कानशी आहेत. राउटर वगैरे नाही.

चिनू_क
फोमचे सँडिंग स्पंज येतात ना, तेच घे की. हाताला एकदम मऊ, गुंडाळायची भानगडच नाही.

रंधेवाला
स्पंज मोल्डिंगला, गोल कडांना, पॉलिशच्या दोन कोटांच्या (थरांच्या) मधे हलका हात फिरवायला छान आहे, टेबल टॉपला नको. खाली मऊ काही असलं की ते लाकडाच्या खड्ड्यातही उतरतं आणि उंचवट्यावरही चढतं, मग घासून घासून सगळं गुळगुळीत होतं पण सपाट होत नाही, आणि कडेपाशी आलं की कड गोल करून टाकतं. पाइनसारख्या लाकडात तर अजून वाईट, कारण त्यातल्या फिक्या रेषा मऊ आणि गडद रेषा कडक असतात, मऊ भाग जास्त खाल्ला जातो आणि पॉलिश मारल्यावर तिरप्या उजेडात लाटा दिसतात.

आता ब्लॉकचं. आधी कागदाचं माप बघ, ब्लॉक त्यावरून ठरव. पूर्ण शीट २३० × २८० मिमी असते, तिचे चार तुकडे केले की प्रत्येक ११५ × १४० चा. पाव शीट वाया न घालवता बसली पाहिजे, नाहीतर प्रत्येक वेळी पट्ट्या कापून टाकत बसशील.

आणि तुझ्या दुखण्याचं मुख्य कारण मापात नाहीये. पेपर गुंडाळला की खरखरीत बाजू बाहेर येते आणि तू धरतोस नेमका तिथेच. म्हणजे जितकं लाकूड घासतोस तितकीच बोटंही घासतोयस, ८० नंबर (नंबर जितका कमी तितका पेपर खरखरीत) असेल तर विचारायलाच नको. वर पेपर सरकू नये हे कामही बोटांवरच टाकलंयस. ही दोन्ही कामं बोटांकडून काढून घेतली की अर्धं दुखणं तिथेच गेलं.

म्हणून मी ब्लॉक दोन भागात करतो, खाली पाटी आणि वर मूठ. पाटी १२ मिमी प्लायची, ११५ लांब, ७५ रुंद. तिला खालून ३ मिमी कॉर्क. म्हणजे जाडी झाली १५. आता हिशोब बघ: पेपरच्या १४० पैकी ७५ खाली, १५-१५ दोन्ही बाजूंनी वर चढायला, उरले ३५, म्हणजे पाटीच्या वरच्या अंगाला दोन्हीकडून साडेसतरा-साडेसतरा मिमी दुमडून येतो. त्यावर मूठ बसवून बोल्टने आवळायची, पेपर मधे चिमटला जातो. मधला ४० मिमी भाग मोकळाच असतो त्यामुळे बोल्टसाठी पेपरला भोक पाडावं लागत नाही. बोटं येतात मुठीवर, नुसत्या लाकडावर.

मूठ सागवानाच्या दोन फळ्या चिकटवून ३५-४० मिमी जाडीची कर. खालून ७० रुंद ठेव म्हणजे दुमडलेला पेपर नीट दाबला जाईल, आणि दोन्ही बाजूंना लांबीभर खोलगट गाळा काढ, म्हणजे जिथे अंगठा आणि बोटं येतात तिथे रुंदी ५५ च्या आसपास राहील. राउटर लागत नाही, आधी अर्धगोल कानस आणि मग पाइपच्या तुकड्यावर पेपर गुंडाळून घासलं की गाळा होतो. वरचा भाग वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखा कर, कुठेही धार नको.

फळकूट
अरे वा, हे असं डोक्यातच आलं नव्हतं. पण बोल्ट वरून येणार म्हणजे विंग नट (हाताने फिरवायचा, दोन पंखांचा नट) बरोबर तळहातात टोचणार ना? आणि एकच बोल्ट घेतला तर मूठ गोल फिरेल.

रंधेवाला
विंग नट लावूच नको, तू म्हणतोस तेच होतं. उलटं कर. टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा, चकती असलेला नट) पाटीत खालून बसव, म्हणजे कॉर्क चिकटवायच्या आधी, आणि त्याची चकती प्लायमधे थोडी खोल बुडव, नाहीतर कॉर्कखाली टेंगूळ राहील. वरून एम६ (६ मिमी) चा ॲलन बोल्ट, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेला, त्याचं डोकं आणि वॉशर मुठीत खोल जाईल असं १३-१४ मिमीचं मोठं भोक आधी आणि मग ६.५ चं आरपार. मोठं भोक आधी पाडायचं, क्रम उलटा झाला तर मोठ्या ड्रिलला मधे टेकायला लाकूडच उरत नाही आणि ते भरकटतं. डोक्याखाली १५ मिमी लाकूड ठेवलंस तर २५ मिमीचा बोल्ट पुरतो. बोल्ट लांब घेतलास तर त्याचं टोक खालून कॉर्कला ढकलतं, वरून काही दिसत नाही पण मधोमध एक रेघ खोल घासली जाते आणि कारण सापडता सापडत नाही.

फिरू नये म्हणून दोन बोल्ट, एकमेकांपासून ७० मिमीवर. किंवा एक बोल्ट आणि दोन्हीकडे लाकडाची एकेक खुंटी. पेपर बदलताना बोल्ट काढायचे नाहीत, अर्धा-पाऊण फेरा सैल केले की पेपर सरकतो.

गंजलेला_बोल्ट
रंधेवाला भाऊ, मस्तच आहे, पण एका ब्लॉकसाठी टी-नट, ॲलन की, काउंटरबोर (डोकं बुडवायचं मोठं भोक)... एवढ्यात माझं एक शेल्फ घासून होईल 😄

सोपा मार्ग सांगतो. पेपर गुंडाळूच नका. ब्लॉकच्या तळाच्या मापाचा कापायचा आणि खाली डबल टेपने चिकटवायचा, किंवा मागून चिकट असलेला रोलच वापरायचा. बाजू मोकळ्या राहतात, मग अखंड लाकडाचा ठोकळा हवा तसा घासून मुठीचा आकार द्या, ना बोल्ट ना जोड. शिवाय एका शीटमधे तुकडेही जास्त निघतात. एकच, कॉर्कवर थेट चिकटवलं तर पेपर काढताना कॉर्कचे कण उपटून येतात, म्हणून आधी कॉर्कवर गुळगुळीत पॅकिंग टेप मारून घ्यायची, किंवा तळाला कॉर्कऐवजी सनमायकाचा तुकडा लावायचा.

वेल्क्रोवालेही ब्लॉक बनवतात लोक, मशीनच्या डिस्क त्यालाच लावता येतात म्हणून. २२० च्या पुढे ठीक आहे. पण वेल्क्रोची गादी दबते, त्यामुळे सपाटी आणायच्या कामाला मी घेत नाही.

फळकूट
@गंजलेला_बोल्ट सनमायका लावला तर तळ एकदम कडक होईल ना? मग कॉर्क कशाला लावतात सगळे?

गंजलेला_बोल्ट
कडक होतो, आणि ८०-१०० नंबरला तेच बरं, उंचवटे पटकन उतरतात. पण कडक तळाखाली भुशाचा एखादा गोळा किंवा सुटलेला खडा आला तर सगळा दाब त्या एकाच टिंबावर पडतो आणि खोल ओरखडा उठतो. कॉर्क तेवढ्यापुरता दबतो. पेपरही जास्त टिकतो कारण दाब पसरतो. म्हणून १५० पासून पुढे कॉर्क. एकच ब्लॉक करणार असशील तर कॉर्कच लाव.

रंधेवाला
+१. आणि कॉर्क बारीक दाण्याचा, घट्ट घ्या. नोटीस बोर्डवाला भुसभुशीत नको, तो कडेने तुटत जातो. चिकटवायला काँटॅक्ट ॲडहेसिव्ह, दोन्ही बाजूंना पातळ लावून बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच नीट बसवून दाबायचं, नंतर सरकवता येत नाही. कॉर्क मुद्दाम थोडा मोठा ठेवा, चिकटल्यावर ब्लेडने कडेला बरोबर कापा.

त्यानंतर तळ सपाट करून घ्यायचा, हे बरेच जण सोडून देतात. जाड काचेवर १२० चा पेपर पसरायचा, कॉर्कवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि ब्लॉक त्यावर फिरवायचा. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या की तळ झाला. कोपऱ्यात रेघ शिल्लक असेल तर तिथे अजून खोल आहे. हीच पेन्सिलची युक्ती नंतर टेबल टॉपवरही करा, कुठे घासलं गेलंय आणि कुठे नाही हे डोळ्याला कळत नाही, रेघांना कळतं.

आक्का_सुतार
ब्लॉकचं सगळं छान सांगितलंय पण बाळा, तू दाबतोस किती ते आधी बघ. चांगला पेपर स्वतः कापतो, त्याला फक्त वजन आणि चाल द्यायची असते. पेपर बोथट झाला की आपण नकळत जास्त दाबायला लागतो, आणि हात दुखतो तो तिथून. भुसा उडायचा कमी झाला, पेपर चकाकायला लागला की बदल, काटकसर करू नकोस. पेपर नुसता भरलेला असेल, म्हणजे दाण्यांत भुसा अडकला असेल, तर ब्रशने किंवा कच्च्या रबराच्या वडीने साफ होतो, बोथट झालेला मात्र होत नाही.

दुसरं, पकड. अंगठा आणि बोटं यांच्यात चिमटीत धरू नकोस. तळवा वर टेकव आणि बोटं नुसती बाजूने सोड, ढकलायचं ते खांद्याने. मनगट वाकलेलं राहत असेल तर टेबल उंच आहे असं समज, काम कोपराच्या थोडं खाली असलं की वरून वजन आपोआप येतं. म्हणून मुठीची उंची करताना रंधेवाल्यांचं माप डोळे झाकून घेऊ नकोस, आधी एखाद्या टाकाऊ लाकडाचा किंवा थर्माकोलचा ठोकळा कापून हातात धरून बघ. माझा हात लहान आहे, माझी मूठ मधे ४८ मिमीच आहे आणि ५५ ची धरली की बोटं ताणली जातात. आणि कडेच्या कोपऱ्यांवर हात फिरवून बघ, जे आत्ता जरासं बोचतं ते तासाभराने फोड आणतं.

नंबर पण भराभर उड्या मारत नेऊ नकोस. ८०, १२०, १८०, २२० असं गेलं की प्रत्येक टप्प्याला थोडंच काम राहतं. ८० वरून थेट २२० ला गेलास तर जुने ओरखडे काढायला जन्मभर घासत बसशील, मग कुठलाही ब्लॉक घे, हात दुखणारच. आणि घासायचं ते लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच.

चिनू_क
मी स्पंज म्हणून सुटलो, इथे तर पूर्ण क्लास चालू झाला 😅 एक विचारू का, शीटचे चार सरळ तुकडे कसे करता? कात्रीने माझी कात्री गेली.

गंजलेला_बोल्ट
कात्री वापरायचीच नाही. हॅक्सॉचं जुनं पातं घे, एका फळीवर कडेशी दोन स्क्रूने बसव, पात्याखाली एकेक वॉशर ठेव म्हणजे कागद सरकायला फट राहते. पात्यापासून ११५ वर एक आणि १४० वर एक पट्टी किंवा नुसती रेघ. शीट खरखरीत बाजू खाली करून फटीतून सरकव, रेघेला लाव, एका हाताने दाब आणि दुसऱ्या हाताने वर ओढून फाड. दातांवर सरळ फाटते.

फळकूट
आक्का, तुमचं पकडीचं लगेच करून बघितलं, तळवा टेकवून धरल्यावर फरक जाणवतोय. थर्माकोलचा ठोकळा आज करतो.

ठरवलंय असं: टॉपसाठी रंधेवाल्यांचा दोन भागांचा, कॉर्क लावून. आणि ८० नंबरसाठी सनमायकावाला अखंड ठोकळा, तो तर प्लायचे तुकडे एकावर एक चिकटवूनही होईल. शेल्फच्या पुढच्या कडा अर्ध्या गोल आहेत, त्यांना काय करू?

रंधेवाला
ज्या गोलाईची कड आहे त्याच्या उलटा खोलगट ब्लॉक. कडेवरच पेपर खरखरीत बाजू वर करून टेपने लाव, आणि थर्माकोलचा जाड तुकडा नाहीतर मऊ लाकडाचा ठोकळा त्यावर लांबीच्या दिशेने फिरव, तो आपोआप त्या आकाराचा होतो. मग तोच पेपर आत लावून वापर. फार थोडंच काम असेल तर पाइपचा उभा चिरलेला तुकडा पण चालतो, गोलाई जुळत असली पाहिजे.

पाणी लावून घासायचं असेल, म्हणजे वॉटर पेपर, तर हे लाकडी ब्लॉक काढू नकोस. प्लाय आणि कॉर्क दोन्ही पाणी पितात, तळ वाकडा होतो. त्याला तुझा तो रबराचाच वापर.

आक्का_सुतार
मास्क लाव रे घासताना, हाताने घासलं तरी बारीक धूळ उडतेच आणि सागाची धूळ काहींना सोसत नाही.

गंजलेला_बोल्ट
दोन भागांचा करतोयस तर पाटीच्या लांब बाजूच्या खालच्या कडा, म्हणजे जिथून पेपर वर वळतो, त्या कॉर्कसकट दोन-एक मिमी गोल कर. कड तीक्ष्ण ठेवली तर पेपर तिथेच चिरतो आणि बाकीचा चांगला असून फेकावा लागतो. पुढची-मागची कड मात्र फक्त जराशी मोड, तीच शेल्फच्या कोपऱ्यात शिरायला लागणार आहे.