‘केवळ सिद्धांत’ असे मराठीत म्हणता येते का?

अनुवादिका

उत्क्रांती आणि निर्मितिवाद (सजीव सृष्टी देवाने निर्माण केली असे मानणारे मत) यांच्यातील जाहीर वादाचा इतिहास सांगणाऱ्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद मी सध्या करत आहे आणि गेले तीन दिवस एकाच वाक्यापाशी अडले आहे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या कॉब परगण्यात २००२ मध्ये जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांवर एक पट्टी चिकटवण्यात आली होती. उत्क्रांती ही ‘थिअरी’ आहे, ‘फॅक्ट’ नाही, म्हणून हा भाग मोकळ्या मनाने आणि चिकित्सकपणे अभ्यासावा, असा तिच्यावरील मजकुराचा आशय होता. जानेवारी २००५ मध्ये संघीय न्यायालयाने ती काढून टाकण्याचा आदेश दिला. मी सहजपणे लिहून गेले, ‘उत्क्रांती हा सिद्धांत आहे, वस्तुस्थिती नाही.’ माझ्या संपादकांनी त्यापुढे समासात पेन्सिलीने लिहिले, ‘सिद्धांत आहे म्हणजे सिद्ध झालेलाच आहे ना? मग यांची तक्रार काय?’

त्यांची शंका मला बिनतोड वाटते. इंग्रजी शब्दात पुराव्यांवर तावून सुलाखून निघालेले शास्त्रीय स्पष्टीकरण आणि रोजच्या बोलण्यातला अंदाज हे दोन अर्थ एकत्र नांदतात, आणि त्या पट्टीचा सगळा जोर या दुहेरीपणावर आहे. मी ‘अटकळ’ लिहिले, तर पट्टी लिहिणाऱ्यांच्या तोंडी त्यांनी न वापरलेला शब्द घातल्यासारखे होते. ‘सिद्धांत’ ठेवला, तर त्यांचा आक्षेपच वाक्यातून नाहीसा होतो. दोन्ही अर्थ पेलणारा एखादा मराठी शब्द कुणाला सुचतो का?

शब्दमित्र

‘उपपत्ती’ हा जुना, चांगला आणि अकारण मागे पडलेला शब्द आहे. एखाद्या घटनेची उपपत्ती लावणे म्हणजे ती का व कशी घडली याची सुसंगत मांडणी करणे; ती मांडणी खरी ठरली की नाही, याबद्दल हा शब्द काहीच सुचवत नाही. ‘ही केवळ एक उपपत्ती आहे’ हे वाक्य मराठी कानाला खटकत नाही, आणि ‘केवळ सिद्धांत’ मात्र ताबडतोब खटकते. तुमचे काम याने भागावे.

जीवशास्त्र शिक्षक

शब्दमित्रांच्या सूचनेतला धोका मला सांगितला पाहिजे. आपण सापेक्षतेचा सिद्धांत म्हणतो, पुंजसिद्धांत म्हणतो. मग एकट्या उत्क्रांतीला उपपत्तीच्या पायरीवर बसवले, तर पट्टी चिकटवणाऱ्यांना जे हवे होते तेच आपण भाषेतून करून देऊ. त्यांचाही आक्षेप गुरुत्वाकर्षणावर किंवा अणूवर नव्हता, तो या एकाच विषयावर होता.

अनेक वर्षे हा विषय शिकवताना मला जाणवलेली दुसरी अडचण अशी, की ‘सिद्धांत’ या शब्दातला ‘सिद्ध’ मुलांना गणिताकडे घेऊन जातो. गणितात एकदा सिद्ध झालेले प्रमेय कायमचे सिद्ध असते. विज्ञानात सिद्धांत पुन्हा पुन्हा कसाला लागतो आणि टिकतो, म्हणून तो भक्कम. माशांकडून चतुष्पादांकडे जाणारा दुवा कोणत्या वयाच्या खडकांत सापडावा, याचा आधी हिशेब करून संशोधक कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समिअर बेटावर गेले आणि सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या टिक्टालिक या प्राण्याचा जीवाश्म त्यांना २००४ मध्ये तिथे मिळाला. त्याला माशासारखे खवले आहेत आणि हालणारी मानही आहे. सिद्धांत या शब्दाचा हा अर्थ वर्गात पोचवताना ‘सिद्ध’ मदतही करतो आणि आडही येतो.

व्युत्पत्ती

‘सिद्धांत’ तरी ठीक आहे. माझा मूळ आक्षेप ‘उत्क्रांती’ या शब्दालाच आहे. ‘उत्’ म्हणजे वर किंवा बाहेर, ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. ब्रह्मसूत्रांत ‘उत्क्रान्तिगत्यागतीनाम्’ असे सूत्र आहे आणि तिथे उत्क्रांती म्हणजे जीवाचे शरीरातून निघून जाणे. माझे आजोबा वेदांताचे अभ्यासक होते. शाळेत असताना मी त्यांना ‘माणसाची उत्क्रांती’ या धड्याचे नाव सांगितले, तेव्हा हा धडा मृत्यूविषयी आहे असे त्यांना वाटले आणि एवढ्या लहान मुलांना हे का शिकवतात, असे त्यांनी काळजीने विचारले.

आपल्या शेजारच्या भाषांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. हिंदीने ‘क्रमविकास’ घेतला, बंगालीने ‘विवर्तन’, तेलुगू आणि तमिळ यांनी ‘परिणाम’. सांख्यांचा परिणामवाद आणि वेदान्त्यांचा विवर्तवाद हा जुना वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यातली गंमत कळेल: परिणाम म्हणजे खरोखरचे रूपांतर, विवर्त म्हणजे नुसता भास. माझ्या मते ‘परिणाम’ हाच शब्द सर्वांत नेमका होता. मात्र मराठीत त्याला इतर कामे लागल्यामुळे तो हातचा गेला.

जीवशास्त्र शिक्षक

‘उत्’बद्दलची तुमची तक्रार मला पूर्णपणे पटते. डार्विन यांच्या १८५९ च्या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम नाही. त्या धातूचे एक क्रियापद तेवढे आहे आणि ते ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द म्हणून येते. नाम आले ते १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत. त्यांचा स्वतःचा शब्दप्रयोग बदलांसह होणाऱ्या वंशावतरणाचा होता, म्हणजे त्यांचा शब्द खाली उतरणारा आणि आपला वर चढणारा. या चढणीमुळेच ‘खालचे प्राणी’, ‘वरचे प्राणी’ ही भाषा आपल्या पुस्तकांत रुजली. अंधाऱ्या गुहेत राहणाऱ्या माशांचे डोळे पिढ्यान्‌पिढ्या झिजून नाहीसे झाले, हीसुद्धा उत्क्रांतीच आहे, असे सांगितले की विद्यार्थी गोंधळतात, कारण शब्दातले ‘उत्’ त्यांना उलट दिशा दाखवत असते.

वाचक

शब्द बदलण्याचा हा आग्रह मला अनाठायी वाटतो. व्युत्पत्तीत अर्थ शोधत बसलो, तर ‘क्रांती’सुद्धा नुसते पाऊल टाकणे ठरेल. लोकांनी ‘क्रांती’ आणि ‘उत्क्रांती’ यांची जोडी जुळवली, एकीला झटक्याचा आणि दुसरीला सावकाश बदलाचा अर्थ दिला, आणि तो अर्थ आज सर्वांना कळतो. रूढ झालेला शब्द मोडून नवा घडवणे म्हणजे वाचकाला पुन्हा दारातच उभे करणे होय.

खरा अपाय तयार म्हणींनी केला आहे, असे मला वाटते. हर्बर्ट स्पेन्सर यांनी १८६४ मध्ये वापरलेला आणि डार्विन यांनी १८६९ च्या आवृत्तीत उचललेला ‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हा प्रसिद्ध शब्दप्रयोग आपल्याकडे सरसकट ‘बळी तो कान पिळी’ असा समजावला जातो. मूळ प्रयोगात बळाचा संबंध नाही. परिस्थितीशी जो जुळतो, ज्याची संतती टिकते, तो तगतो, एवढेच त्यात आहे. या म्हणीमुळे उत्क्रांती हे दांडगाईचे तत्त्वज्ञान आहे असा समज होतो, आणि निर्मितिवादी वक्ते नैतिकतेच्या नावाने करतात तो आरोप आपल्या भाषेत आयताच तयार मिळतो.

जीवशास्त्र शिक्षक

याच्याच जोडीला ‘पासून’ घ्यावा. ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य आपण ‘लाकडापासून खुर्ची झाली’ या चालीवर ऐकतो; खुर्ची झाली की ते लाकूड लाकूड म्हणून उरत नाही. त्यामुळे ‘मग माकडे अजून शिल्लक कशी?’ हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतोच. माणूस आणि चिंपँझी यांचा समान पूर्वज सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होता आणि ही दोन्ही त्याची वंशजे आहेत, असे सांगून मी ‘पासून’ टाळतो आणि ‘चुलत’ हा शब्द वापरतो. तो लगेच समजतो.

शब्दमित्र

शुद्धलेखनाबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण अनेक ठिकाणी ‘निर्मितीवाद’, ‘उत्क्रांतीवाद’ असे छापलेले दिसते. सुटा शब्द ‘उत्क्रांती’ दीर्घ, परंतु समासातले पहिले पद तत्सम इकारान्त असेल तर ते ऱ्हस्वच राहते. ‘उत्क्रांतिवाद’, ‘निर्मितिवाद’ हीच रूपे बरोबर आहेत आणि अनुवादिकांनी ती नीट लिहिली, याचा मला आनंद वाटला.

व्युत्पत्ती

निर्मितिवादाच्या पुढच्या अवताराला, म्हणजे ‘इंटेलिजंट डिझाइन’ला, मराठीत काय म्हणायचे, याचाही विचार व्हावा. ‘बुद्धिमान रचना’ हे भाषांतर चुकीचे आहे, कारण त्यात रचना स्वतःच बुद्धिमान ठरते. ‘बुद्धिपुरस्सर रचना’ म्हटले, की कुणीतरी जाणूनबुजून केलेली, हा अर्थ नेमका येतो.

या पक्षाच्या इतिहासातही एका शब्दाने निर्णायक साक्ष दिली आहे. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांत निर्मितिवाद शिकवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ या पुस्तकाच्या मसुद्यात ‘क्रिएशनिस्ट्स’च्या (निर्मितिवादी) जागी ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ (रचनेचे पुरस्कर्ते) घालण्यात आले, आणि एका ठिकाणी जुना शब्द अर्धाच पुसला गेल्यामुळे त्याची सुरुवात आणि शेपूट नव्या शब्दांना दोन्ही बाजूंनी चिकटून राहिली. अमेरिकेतील डोव्हर येथे ‘इंटेलिजंट डिझाइन’ शाळेत आणण्यावरून झालेल्या २००५ च्या खटल्यात हे मसुदे न्यायालयासमोर आले. शब्दांवर प्रेम करणाऱ्या कुणीही तो मसुदा एकदा पाहावा, असे मला मनापासून वाटते.

वाचक

‘बुद्धिपुरस्सर’ मान्य. मात्र ‘तुमचा उत्क्रांतीवर विश्वास आहे का?’ हा प्रश्न कसा लिहावा, हे मला अजून उमगलेले नाही. मराठीत आपण देव मानतो, आणि युक्तिवाद आपल्याला पटतो. इंग्रजीत दोन्हींना ‘बिलीव्ह’ हे एकच क्रियापद चालते, म्हणून तिथे श्रद्धा आणि शास्त्र समोरासमोर उभी राहिल्यासारखी दिसतात.

अनुवादिका

सर्वांची आभारी आहे. ‘मानणे’ आणि ‘पटणे’ हा भेद मी लेखाच्या दुसऱ्या भागात नक्की वापरणार आहे, आणि ‘बळी तो कान पिळी’ मी खरोखरच लिहून ठेवले होते, ते आजच खोडले. पट्टीच्या वाक्यात तूर्त ‘थिअरी’ हा शब्द देवनागरीत तसाच ठेवून पुढे त्याच्या दोन अर्थांवर एक परिच्छेद लिहिला आहे. संपादकांना तो लांबलेला वाटतो आणि ‘उपपत्ती’ घ्या, असे त्यांचे म्हणणे आहे. शिक्षकांनी दाखवलेला धोका मी त्यांना कळवला आहे.

शब्दमित्र

‘थिअरी’ देवनागरीत ठेवणे ही माझ्या मते माघार आहे. ‘उपपत्ती’वर पुन्हा विचार करावा.