मदत हवी आहे: डायलिसिसवर फॉस्फरस ७.८, गोळ्या चालू असूनही उतरत नाही

अंगणवेल
बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे. फॉस्फरस सलग तीन महिने ७ च्या वर, या वेळी ७.८. सेव्हेलामर (फॉस्फरसची गोळी) नियमित देते, एकही गोळी चुकत नाही. खाण्यातलं फॉस्फरसवालं सगळं बंद केलंय. अंगाला इतकी खाज सुटते की रात्र रात्र झोप नाही. याहून जोरदार गोळी कुठली आहे का? लवकर सांगा, परवा डॉक्टरांना भेटायचंय.

उंबरठा
'नियमित' म्हणजे कसं? किती मिलिग्रॅमची, दिवसाला किती, जेवणाआधी की नंतर? कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम-फॉस्फरस सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) किती आलंय? डायलिसिस किती तास चालतं? हे कळल्याशिवाय गोळी बदला म्हणण्यात अर्थ नाही. सेव्हेलामर रक्तातला फॉस्फरस ओढून काढत नाही. आतड्यात अन्नातल्या फॉस्फेटला ते चिकटतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. पोटात अन्नच नसेल तर चिकटणार कशाला?

शेवगा
सरळ लॅन्थॅनमवर जा, तीही फॉस्फरस बांधणारीच, पण चावायची गोळी. १ ग्रॅम लॅन्थॅनम कार्बोनेट साधारण अडीच-पावणेतीन ग्रॅम सेव्हेलामरचं काम करतं, त्यामुळे गोळ्यांची संख्या एकदम खाली येते. मात्र चावून पूर्ण बारीक करायची. अर्धवट चावून गिळलेल्या गोळ्यांनी आतडं अडकल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. पोटाचा एक्स-रे काढायचा असेल तर लॅन्थॅनम चालू आहे हे आधी सांगा, ते पांढरं दिसतं.

उंबरठा
शेवगा, आधी त्यांची उत्तरं तर येऊ द्या.

अंगणवेल
८०० ची, दिवसाला तीन. सकाळी ७, दुपारी २, रात्री ९, मोबाइलवर अलार्म लावलाय. बाबांना मोठी गोळी गिळवत नाही म्हणून कुटून पाण्यातून देते. कॅल्शियम ९.६, अल्ब्युमिन ३.१. पीटीएच सापडला नाही. डायलिसिस चार तास.

उंबरठा
आणि जेवतात किती वाजता?

अंगणवेल
नाश्ता ९, जेवण साडेबारा, रात्रीचं ८. सकाळी ७ ला थायरॉइडची गोळी असते, तिच्यासोबतच ही देते म्हणजे विसरायला होत नाही. चिठ्ठीवर १-१-१ एवढंच लिहिलंय. जेवणाशी जोडायची असते हे आम्हाला कोणीच सांगितलं नाही!

उंबरठा
मग तीनही गोळ्या वाया जाताहेत. पहिली रिकाम्या पोटी, दुसरी जेवणानंतर दीड तासाने, तिसरी तासाने. अलार्म काढून टाका, गोळीची डबी जेवणाच्या ताटाशेजारी ठेवा. पहिल्या दोन-चार घासांनंतर गोळी, म्हणजे ती अन्नातच मिसळते. एका जेवणाला दोन-तीन गोळ्या असतील तर एक सुरुवातीला, बाकीच्या मधे.

कुटणं आजपासून बंद करा. ही गोळी पाणी लागलं की फुगते, म्हणूनच कुटू नये, चावू नये अशी सूचना असते. गिळण्याचा त्रास असलेल्याच्या घशात ती अडकूही शकते. याच औषधाची पावडर मिळते. ८०० मिग्रॅच्या पुडीला ३० मिली पाणी, २.४ ग्रॅमच्या पुडीला ६० मिली. ढवळा, विरघळण्याची वाट बघू नका, ती विरघळत नाही. अर्ध्या तासाच्या आत प्यायला हवी. हे पाणी दिवसाच्या पाण्याच्या हिशोबात धरा.

थायरॉइडचं सगळ्यात महत्त्वाचं. सेव्हेलामर लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीला, धरून ठेवतं, दोन्हींत किमान ४ तासांचं अंतर लागतं. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) मागून घ्या. बऱ्याच दिवसांत तपासलेलं नसणार असं वाटतं.

कवडसा
७ ला थायरॉइड आणि ९ ला नाश्त्यासोबत सेव्हेलामर केलं तरी दोनच तास होतात. दोन मार्ग आहेत. नाश्ता हलका असेल तर त्या वेळची गोळी काढून दुपार-रात्रीच्या मोठ्या जेवणांना वाढवून मागायची. नाहीतर थायरॉइडची गोळी रात्रीच्या सेव्हेलामरनंतर चार तासांनी, झोपताना. दोन्हीही डॉक्टरांना विचारूनच. गोळ्या तीन वेळा सारख्याच वाटायच्या असा काही नियम नाही. ज्या ताटात प्रथिनं जास्त, तिथे गोळ्या जास्त.

गारवा
बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेकून द्या. केळं आणि नारळपाणी पूर्ण बंद.

कवडसा
गारवा, ते पोटॅशियमसाठी. इथे प्रश्न फॉस्फरसचा आहे. उकळून पाणी टाकल्याने फॉस्फरसही थोडा उतरतो, पण यांची अडचण बटाट्यात नाही.

ताळेबंद
वेळ सुधारली तरी तीन गोळ्या पुरणार नाहीत, हिशोब करून बघा. जेवणातून रोज ९०० मिग्रॅ फॉस्फरस धरा, त्यातला साठ टक्के शोषला जातो. म्हणजे रोज ५४०, आठवड्याला ३,७८०. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ७५० च्या आसपास निघतो, तीनदा मिळून २,२५०. दीडेक हजार शिल्लक, म्हणजे रोज २०० च्या वर. ८०० ची एक सेव्हेलामर साधारण २०-३० मिग्रॅ धरते, तिन्ही मिळून जास्तीत जास्त ९०. सुरुवातीचा डोससुद्धा फॉस्फरस ७.५ च्या वर असेल तर दर जेवणाला १६०० असतो. पुढे दोन-दोन आठवड्यांनी रिपोर्ट बघत दर जेवणाला ८०० ने वाढवतात. आकडे माणसागणिक बदलतात, पण अंदाज येतो.

शेवगा
म्हणूनच तर लॅन्थॅनम म्हणतोय. दिवसाला सहा-नऊ गोळ्या कोण घेणार?

उंबरठा
गिळता येत नाही, त्यामुळे चावायची गोळी विचारण्यासारखी आहे हे मान्य. पण दात असतील आणि नीट चावून होत असेल तरच. फॉस्फरस बांधणारी लोहाचीही एक चावायची गोळी असते, सुक्रोफेरिक ऑक्सिहायड्रॉक्साइड. तिने शौच काळं होतं, त्याला घाबरू नये. पण चुकीच्या वेळी दिलेल्या औषधाला 'लागू पडत नाही' ठरवून दुसरं आणलं, तर तेही चुकीच्याच वेळी दिलं जाईल. आधी दोन-तीन आठवडे जेवणासोबत देऊन बघा.

माळरान
कॅल्शियम ॲसिटेट का नाही? ६६७ मिग्रॅची गोळी, फॉस्फरस चांगला बांधते, आणि कॅल्शियम कार्बोनेटसारखी पोटातल्या आम्लावर अवलंबून नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्यांना कार्बोनेट नीट लागू पडत नाही.

ताळेबंद
त्या एका गोळीत १६९ मिग्रॅ निव्वळ कॅल्शियम असतं. यांचं ९.६ दिसतंय, पण अल्ब्युमिन ३.१ आहे. दुरुस्ती केली (४ मधून अल्ब्युमिन वजा करून ०.८ ने गुणायचं आणि मिळवायचं) की १०.३ होतं. त्यावर आणखी कॅल्शियम म्हणजे ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत जाऊन बसायची भीती. अंगणवेल, कॅल्सिट्रिऑल चालू आहे का?

अंगणवेल
हो, रोज एक. कॅल्शियमची गोळी आहे ना ती?

ताळेबंद
नाही, ते सक्रिय ड जीवनसत्त्व आहे. आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्हींचं शोषण वाढवतं. पीटीएच दाबायला देतात, म्हणून पीटीएचचा आकडा हाताशी हवाच. स्वतः बंद करू नका, पण 'फॉस्फरस ७.८ असताना हे चालू ठेवायचं का' हे परवा नक्की विचारा. पीटीएच फार वाढलेला असेल तर हाडांतूनच फॉस्फरस रक्तात येत राहतो. मग पथ्य आणि गोळ्या दोन्ही कमी पडतात.

प्रवाह
डायलिसिस चारऐवजी पाच तास करून घ्या, असं मी म्हणेन. फॉस्फरस पेशींच्या आत आणि हाडांत साठलेला असतो, तिथून तो हळूहळूच रक्तात येतो. पहिल्या तास-दीड तासात आकडा झपाट्याने पडतो, मग जागीच थांबतो आणि मशीन बंद झालं की पुन्हा चढतो. त्यामुळे मशीनमधला रक्ताचा वेग वाढवण्यापेक्षा तास वाढवण्याचा उपयोग जास्त. रात्रभर सावकाश डायलिसिस करणाऱ्यांच्या या गोळ्या बऱ्याचदा सुटतात.

कवडसा
बरोबर आहे, पण ते परवापर्यंत होणारं नाही. अंगणवेल, 'सगळं बंद' म्हणजे नक्की काय बंद? आणि खातात काय?

अंगणवेल
डाळी, अंडी, दूध, मासे, सगळं बंद. भात-भाजी, बिस्किटं, जेवण जात नाही तेव्हा पाकिटातलं सूप. संध्याकाळी तोंडाला चव म्हणून अर्धा ग्लास कोला.

कवडसा
नेमकं उलटं झालंय. कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं, आणि अशा वरून मिसळलेल्या फॉस्फेटचा ९० टक्क्यांच्या वर भाग शोषला जातो. डाळी-धान्यांतला फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो. ते फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात जवळजवळ नाही, त्यामुळे निम्म्याहून कमी शोषला जातो. पाकिटामागे घटकांच्या यादीत 'फॉस्फेट' हा शब्द किंवा ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ हे क्रमांक दिसले की ठेवून द्या. फॉस्फरस किती आहे हे बहुतेक पाकिटांवर छापलेलंच नसतं.

डायलिसिसवर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुम्ही ती तोडलीत, अल्ब्युमिन ३.१ दिसतंय त्यात याचाही हात असू शकतो. अंड्याचा पांढरा भाग सुरू करा, त्यात प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस नावाला.

माळरान
अख्खं अंडं चालतं हो. एका पिवळ्याने काय होणार?

कवडसा
अंड्यातला जवळजवळ सगळा फॉस्फरस पिवळ्यातच असतो. आकडा ५ च्या आत आला की खुशाल खाऊ दे. आज ७.८ आहे.

अंगणवेल
कोला आत्ताच ओतून टाकला. अजून एक, सेव्हेलामर सुरू झाल्यापासून पोट साफ होत नाही. दर तीन-चार दिवसांनी औषधाच्या दुकानातून एनिमा आणते. त्याने काही बिघडतं का?

उंबरठा
सेव्हेलामरने पोट बांधतं, हे नेहमीचं आहे. पण एनिमाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते आधी वाचा.

अंगणवेल
सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट.

उंबरठा
तो पुन्हा देऊ नका. मूत्रपिंड काम करत नसताना त्यातलं फॉस्फेट आतड्यातून शोषलं जातं, फॉस्फरस एकाएकी चढून कॅल्शियम धोकादायक पातळीवर कोसळू शकतं. किती दिल्यात, शेवटची कधी, हे परवाची वाट न बघता आजच डायलिसिस युनिटला फोन करून सांगा. हातापायांत गोळे, तोंडाभोवती मुंग्या, छातीत धडधड यांतलं काही असेल तर फोनवर थांबू नका, लगेच घेऊन जा. पोटासाठी लॅक्टुलोज (पोट साफ करणारं पातळ औषध) विचारा. मॅग्नेशियमवाली रेचकं आणि ॲल्युमिनियमवाली ॲसिडिटीची औषधं स्वतःहून आणू नका.

अंगणवेल
काल सकाळी दिलाय. गोळे वगैरे काही नाही म्हणताहेत. फोन लावते.

ताळेबंद
मागचे तीन महिने रक्त एनिमानंतर किती दिवसांनी घेतलं, तेही आठवून लिहून न्या. पुढचा नमुना डायलिसिस सुरू व्हायच्या आधी, दर वेळी आठवड्यातल्या त्याच दिवशी. दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरचा आकडा नेहमीच चढा असतो, आणि नमुन्यातल्या पेशी फुटल्या असतील तर फॉस्फरस खोटा वाढून येतो.

अंगणवेल
फोन झाला. उद्या डायलिसिसआधी कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच, टीएसएच चारही घेणार आहेत. एनिमा बंद. गोळी आज रात्रीपासून ताटाशेजारी, न कुटता. गिळता आली नाही तर पावडर लिहून घेते. रिपोर्ट आले की इथेच टाकते.