एन्नोरचा किनारा आणि उघडे हात

आत्या: सकाळी बातम्यांत चेन्नईजवळच्या एन्नोरच्या किनाऱ्याची दृश्ये पाहिली. कोवळी मुले उघड्या हातांनी बादल्या भरभरून काळे तेल उपसत आहेत आणि त्यांत आपली चिमू आहे, हे मला मुळीच पटलेले नाही.

मोठे काका: शेजारी एवढे मोठे बंदर असताना यंत्रे कुठे आहेत?

मी: आत्या, मी सुखरूप आहे. काका, २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे इथल्या कामराजर बंदराबाहेर गॅसवाहू जहाज ‘बीडब्ल्यू मेपल’ आणि तेलवाहू जहाज ‘डॉन कांचीपुरम’ यांची टक्कर होऊन तेल समुद्रात सांडले. त्यानंतर तेल ओढून घेणारी यंत्रे आणली होती. पण लाटांनी घुसळलेल्या तेलात पाणी अडकून त्याचा इतका घट्ट गाळ होतो की नळ्या तुंबतात. इथे एर्नावूरला किनाऱ्याची धूप थांबवण्यासाठी टाकलेल्या दगडांच्या फटींत तो साचला आहे आणि तिथे हातच पोचतो.

दादा: औषध फवारून विरघळवता येणार नाही का?

मी: उथळ पाण्यात फवारल्याने तेल संपत नाही, त्याचे बारीक थेंब खाली जातात आणि मासळीला बाधतात. शिवाय हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम आहे.

मोठे काका: यंत्रांविषयीचा माझा प्रश्न कायम आहे.

उरणचे काका: अण्णा, तिने उत्तर दिले आहे. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ अपघात झालेल्या ‘एमएससी चित्रा’ जहाजाचे तेल आमच्या खाडीत शिरले, तेव्हाही आपण फोनवर यंत्रांचीच चौकशी करत होता, तिवरांच्या मुळांना चिकटलेला थर आम्ही डोळ्यांनी पाहत होतो आणि बाजारात मासळीला गिऱ्हाईक नव्हते.

मोठे काका: तो विषय इथे काढण्याचे कारण नव्हते.

आत्या: अण्णा, भाऊ, दोघांनीही आवरते घ्यावे. बादल्यांची थट्टा करणारे विनोदी चित्र या कुटुंबाच्या गटावर ज्याने टाकले, त्याने ते आधी काढावे. चिमू, हातमोजे आहेत का?

मी: पहिल्या दिवशी नव्हते, आता मिळाले आहेत. वासाने डोके जड झाले की मी बाजूला होते, पण इथल्या कोळी कुटुंबांना बाजूला व्हायला जागाच नाही. डिसेंबरच्या वरदा वादळाला दोन महिनेही झालेले नाहीत, त्यात आता त्यांची मासळी कोणी घेत नाही, तरीही ती माणसे पहाटेपासून गाळ उपसत आहेत. त्यांना सोडून मी घरी बसणार नाही, आत्या.

मोठे काका: किती हातमोजे लागतील ते कळव, आजच पाठवतो. यंत्रांविषयी मात्र मी पत्र लिहिणार आहे.

मी: कोपरापर्यंतचे पाठवा, काका, आखूड मोज्यांत वरून तेल शिरते.